काका, तुमची मापं

नथ्थूकाका, तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी ऑफिसात मला तुमची मापं विचारली.

तुम्ही केलेल्या पलंगाची, कपाटाची, सोफ्याची. साहेब म्हणाले, "तू तो दिनभर उनके साथ बैठती थी. बेसा रोडच्या नव्या टॉवरचा सॅम्पल फ्लॅट लावायचाय. नवीन सुतार पुढच्याच्या पुढच्या सोमवारी येईल, त्याला समजावून दे." मी मान हलवली. मी मान हलवली की सगळे होकार समजतात. तुम्ही एकटे विचारायचात, "हे हो वालं होय का नाही वालं?"

कागदावर ती मापं नाहीतच. ड्रॉइंगमध्ये पलंग साडेसहा फूट लांब आहे, कपाट दोन फूट खोल आहे, आणि खाली आर्किटेक्टची सही आहे. खोलीत ठेवलेला पलंग पाच फूट आठ इंच आहे आणि कपाट सव्वा फूट. साहेबांनी तुम्हाला फक्त "छोटा करो" म्हटलं होतं. किती, कुठे, हे तुम्ही ठरवलंत आणि डोक्यात ठेवलंत. तुम्ही मला ते सांगितलंत. त्यामुळे आता ते जगात फक्त माझ्याकडे आहे, आणि ते मला नको आहे.

मी या कंपनीत लागले तेव्हा पहिल्या टॉवरचे सहाच मजले झाले होते. घर बघायला येणाऱ्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये न्यायचं आणि भिंत-भिंत दाखवायची, हे माझं काम. इंग्रजी चांगलं म्हणून मला घेतलं असं मला वाटत होतं. एकदा साहेब कुणालातरी सांगत होते, "लडकी कम बोलती है, चेहरा सच्चा लगता है. लोग मान जाते हैं."

तुम्ही तिथे आधीपासून होतात. ग्राहकांची मुलं सोफ्यावर उड्या मारत, बायका ड्रॉवर ओढून बघत, दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी निखळायचं. म्हणून तुम्ही मागच्या बाल्कनीत अवजारं मांडून बसायचात, आणि कुणी आलं की रंधा थांबवायचात. मी तुम्हाला 'अंकल' म्हणाले तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत, दुसरंच कुणी आलंय का म्हणून.

चार महिने मी त्या खोलीत रोज उभी राहिले आणि मला काहीच दिसलं नाही. मग एका दुपारी डोकं दुखत होतं, कुणी येणार नव्हतं, म्हणून मी त्या पलंगावर आडवी झाले. घोट्यापासून पुढचे पाय बाहेर लोंबले.

"बाप्पा! मॅडम रातीतून वाढल्या का?"

मी ताडकन उठले. तुम्ही बाल्कनीच्या दारात उभे होतात. दारात म्हणजे, दार असायला हवं होतं तिथे. त्या दिवशी तुम्ही मला सगळं दाखवलंत, एखाद्या पाहुण्याला शेत दाखवावं तसं. उशा शिंप्याकडून लहान शिवून घेतलेल्या. गादी पातळ. बाजूची टेबलं वीतभर बुटकी. "सगळं एकसारखं लहान करा लागते, मॅडम. एकच लहान केलं तं चोरी दिसते. सगळंच केलं तं खोली मोठी दिसते." तुमच्या आवाजात लाज नव्हती. फुशारकीही नव्हती. काम कसं होतं ते तुम्ही सांगत होतात.

"आणि दारं?"

"लावलीच नाही. दार उघडाले जागा लागते ना."

मी हसले. खरंच हसले. मग मला वॉकर आठवला आणि हसू थांबलं.

माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, हे तुम्हाला माहीत होतं. आम्ही नंदनवनला भाड्याच्या घरात राहतो, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यात जायचं असलं की शेजारचे दोघे त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवतात. एरवी बाबा खाली आलेलेच नाहीत. म्हणून नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात आम्ही इथे अकराव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला, अकराशे चार. लिफ्ट आहे, दारापर्यंत खुर्ची जाते, बेडरूमला लागूनच बाथरूम आहे. बुकिंगच्या आधी आई बघायला आली, तेव्हा ती ऑटोत बाबांचा वॉकर घालून घेऊन आली. बाबांना आणता येत नव्हतं, निदान वॉकर तरी फिरवून बघू म्हणून. सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी वॉकर आणेल हे कंपनीतल्या कुणाच्याही डोक्यात आलं नसेल. आईने तो पलंगाच्या उशापासून पायथ्याला वळवला, कपाटापुढून नेला, बाथरूमपर्यंत पोचवला. "बघ गं, आरामात फिरतोय. यांना हाक मारायची गरज नाही पडणार." मी व्हिडिओ काढत होते. साहेब शेजारी उभे होते. तुम्ही बाल्कनीत होतात, रंधा थांबवून.

मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला होतं. तुम्ही मला नंतर म्हणालात, "साहेबासमोर कसं बोलू? आन् तू कोण, हेच माहीत नव्हतं मले तवा. मॅडम होती तू." तेव्हापासून मी तुमच्यासाठी मॅडम राहिले नाही.

हिशेब तुम्हीच मांडून दिलात, फळीवर, पेन्सिलीने. खोली दहा फूट. खरा पलंग ठेवला, खरं कपाट ठेवलं, तर मधे अठरा इंच उरतात. वॉकर बावीस इंचांचा. "नजरेनं मोजला होता मी. एखाद इंच इकडंतिकडं." घरी जाऊन मी वॉकरला टेप लावली. बावीस.

मग दर सोमवारी तुमचा एकच प्रश्न. "सांगतलं का घरी?"

"सांगते."

"कवा? तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोल्या मोठ्या आहे. दोन खाली आहे अजून. अॅग्रीमेंट व्हाच्या आधी बदलवून देते कंपनी. पोरी, तोंड उघड ना वं."

तुम्हाला वाटायचं, मी घाबरते. तसं नव्हतं, काका. हे तुम्हाला कधी सांगता आलं नाही. बाबा संध्याकाळी माझी वाट बघत बसायचे आणि पहिलं विचारायचे, "आज कितवा स्लॅब?" नऊ, दहा. अकरावा पडला त्या दिवशी त्यांनी आईला शिरा करायला सांगितला. घरात मी कधीच काही केलेलं नव्हतं. मी गप्प राहणारी, फराळाचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाणारी मुलगी. आणि आता मी त्यांना खाली उतरवणार होते. त्यांना सांगायचं म्हणजे दोन वाक्यं होती: मी तुम्हाला खोटी खोली दाखवली, तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि मग, आता मला माहीत आहे. पहिलं वाक्य तेवढंच राहिलं. दुसऱ्याला दर आठवड्याला एक आठवडा जोडला जात होता.

तिसऱ्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट गेले. एक तर मीच दाखवला होता. मग अॅग्रीमेंट रजिस्टर झालं. बाबांनी डाव्या हाताने सही केली, सरावासाठी आधी चार कागद भरून.

या सगळ्यात आपण हसतही होतो, हे मी लिहिलं नाही तर खोटं होईल. मी एका जोडप्याला इंग्रजीत काहीतरी सांगत होते, आणि ते गेल्यावर तुम्ही विचारलंत, "हे कोझी कोझी काय म्हणे तू?"

"म्हणजे लहान, पण छान. उबदार."

"नागपुरात? मे महिन्यात? उबदार घर कोण घेते वं?"

आणि ती संत्री. डायनिंग टेबलावरच्या बाऊलमध्ये प्लास्टिकची संत्री असतात, मी रोज पुसते. तुम्ही एकदा कळमन्याच्या बाजारातून खरी आणलीत आणि त्यांत चार मिसळून दिलीत. एका आजोबांनी नेमकं खरं उचललं, सोललं, खाल्लं, आणि साहेबांना म्हणाले, "सर्व्हिस चांगली आहे तुमची." साहेब अर्धा दिवस माझ्याकडे बघत होते. मला हसू दाबता येतं, पण तुम्ही बाल्कनीत पाठ करून बसला होतात आणि तुमचे खांदे हलत होते. इतकं मी शाळेत, कॉलेजात, कुणाबरोबर हसले नव्हते. माझं मराठी त्या बाल्कनीत सैल झालं. शाळेत आम्हाला मराठीत बोललं की उभं करत. तुमच्याकडे बोलले नाही की तुम्ही चिडायचात.

आता ते भांडण.

रजिस्ट्रेशन झाल्यावर मी रस्ता शोधला, माझ्यासारखाच, न बोलता जाणारा. मी म्हटलं, "काका, आमचा पलंग तुम्हीच करा. असाच. एवढाच. उशा पण अशाच शिवून घेऊ. बाबांची उंची फार नाही."

तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. "किती उंच आहे तुया बाप?"

"पाच सहा."

"मंग? माणूस काय मोजून झोपते का? अर्ध्या अंगाचा माणूस, पाय कुठी जाते त्याले समजत नाही, तो या दोन इंचांत झोपंन?"

"कपाटही सव्वा फुटाचं करा."

"तुया मायचं लुगडं त्यात आडवं टांगशीन का?" तुम्ही ओरडला नव्हतात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. "इथं कोणी झोपत नाही म्हणून केला मी हा पलंग. तुया बापाले काहून झोपवतं यात? घरचा माणूस काय गिऱ्हाईक होय?"

मी म्हटलं, आणि हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही, "बाकीच्यांच्या घरीसुद्धा वडील असतातच की काका. त्यांच्यासाठी करताना नाही वाटलं?"

तुम्ही पटाशी उचललीत. अवजारं पिशवीत भरलीत, पाचच्या आधीच. उमरेडची बस साडेपाचची असते.

त्यानंतर तीन आठवडे तुम्ही येत होतात, दुरुस्ती करत होतात, जात होतात. सोमवारचा प्रश्न थांबला. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या सोमवारी मी वाट बघितली. तिसऱ्या सोमवारी ठरवलं, आपणच जाऊन सॉरी म्हणायचं, आणि दिवसभर ग्राहक होते. मंगळवारी तुम्ही आला नाहीत. बुधवारी गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी बससाठी निघताना, दारातच गेलात.

परवा शुक्रवारी मी उमरेडला तुमच्या तेरवीला आले; घरच्यांनी ती दोन दिवस आधीच ठेवली होती. ऑफिसातलं दुसरं कुणी नव्हतं. मी मांडवाच्या कडेला उभी राहिले आणि आपण कोण म्हणून सांगायचं ते ठरवत होते, तेवढ्यात काकू स्वतःच आल्या.

"तूच का वं ते न बोलणारी?"

मी मान हलवली.

"हां, तेच होय मंग." त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, जेवायला बसवलं, शेजारी बसून पोराला वाढायला लावलं. मग प्लायचा एक तुकडा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "हे तुयं आहे म्हणे. मी चुलीत टाकत होती, तं पोरगा म्हणे थांब, नंबर आहे त्याच्यावर."

वर कोपऱ्यात ११०४ लिहिलं होतं. तुमचं अक्षर.

काकूंनी सांगितलं, गेल्या महिन्यात एका रविवारी तुम्ही सुट्टीच्या दिवशी नागपूरला आला होतात. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालात, एका खोलीचं माप राहिलं आहे. रविवारी कामगारांची लिफ्ट बंद असते. तुम्ही अकरा मजले चढून गेलात, काका. आपण तेव्हा बोलत नव्हतो.

प्लायवर एकाऐवजी दोन पलंग आहेत, दोन समोरासमोरच्या भिंतींना लागून. तीन तीन फूट रुंद. दोघांवरही लांबी लिहिली आहे, साडेसहा. कपाट खिडकीखाली, बसकं. मधे चार फूट मोकळे, आणि त्या चार फुटांतून एक बाण सरळ बाथरूमच्या दारापर्यंत गेला आहे. बाथरूमचं दार बाहेरून सरकणारं दाखवलं आहे. बाणावर एक चौकोन आहे. त्याला चार पाय आहेत, म्हणून तो वॉकर आहे हे कळतं.

मी तिथे रडले नाही. बसमध्येही नाही. प्लाय मांडीवर उभा धरून बसले होते आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "देवघराचं आहे का?"

घरी आईने दार उघडलं. "हे काय आणलंस?"

एवढा मोठा लाकडाचा तुकडा लपवता येत नाही. मी तो बाबांच्या पुढे टेबलावर ठेवला आणि ती दोन वाक्यं बोलले. दुसरं फार लांब झालं होतं. बोलताना मी इंग्रजीत जात होते आणि परत मराठीत येत होते. आई मधेच थांबवून म्हणाली, "पण मी फिरवून बघितला होता वॉकर." मी पलंगाचं माप सांगितलं. तिने पुन्हा तेच म्हटलं, "मी स्वतः फिरवून बघितला होता गं."

बाबांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

त्यांनी बोटांवर मोजलं. डाव्या हाताच्या. मग हात खाली ठेवला.

आई प्लायकडे बघत होती. "दोन वेगळे पलंग? हे रात्री मला हात लावून उठवतात. आता काय घंटी वाजवणार?" आणि ती आत गेली. आज रविवार. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. माझा डबा भरून ठेवते, झाकण घट्ट लावते, आणि बोलत नाही. तुम्ही काढलेला बाण बरोबर आहे, काका, पण त्या चार फुटांत आईचा हात पोचत नाही. हे तुम्हाला कुणी सांगणार होतं? मी आणलं असतं तुम्हाला घरी, चहाला, तर आईनेच सांगितलं असतं, आणि तुम्ही तिथल्या तिथे काहीतरी खोडून दुसरं काढलं असतं.

काल संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. त्यांनी तीस वर्षं सरकारी कार्यालयात पत्रं लिहिली. म्हणाले, "सोमवारी तो नवीन सुतार येणार. तू त्याला काय सांगणार आहेस?"

"माहीत नाही."

"साहेबांनी मापं मागितली आहेत ना? मग दे. लेखी दे."

मला आधी कळलं नाही. ते म्हणाले, "ड्रॉइंगमधलं माप एका बाजूला, खोलीतलं माप दुसऱ्या बाजूला. 'आपण तोंडी विचारणा केल्यानुसार' असं सुरू कर. तारीख टाक. वर आर्किटेक्टला प्रत." मी ईमेल इंग्रजीत लिहीत होते आणि ते मराठीत सांगत होते. एका ठिकाणी मी 'कळले आहे की' असं काहीतरी लिहिलं, तर त्यांनी थांबवलं. "कुणाकडून कळलं? ऐकीव माप लिहायचं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर तर नाहीच. जा आणि मोज."

मला माफ केलं, असं ते म्हणालेले नाहीत. मी विचारलंही नाही. घर बदलता येत नाही, अॅग्रीमेंट झालं आहे. नोकरी सोडली तर स्टाफच्या सवलतीत मिळालेला फ्लॅट राहतो की जातो, हे त्या कागदांत मी तीनदा वाचलं आणि मला समजलं नाही. बाबा म्हणाले, तेही लेखी विचारू, पण वेगळ्या पत्रात.

आज सकाळी मी लवकर आले. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून टेप घेतली. पलंग मोजला, कपाट, सोफा, टेबलं, उशा. एकटीने मोजताना टेपचं दुसरं टोक सुटतं, गुडघ्याखाली धरावं लागतं. सगळं तुम्ही सांगितलेलंच निघालं. एका सुताचाही फरक नव्हता. इतकं चोख काम तुम्ही या खोलीत केलं आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तो पलंग लाथेने मोडावासा वाटला.

मापं भरली, साहेबांना ईमेल पाठवला, आर्किटेक्टला प्रत. तुमचं नाव त्यात नाही. तुम्ही तेव्हा मला उत्तर दिलं नव्हतं, की बाकीच्यांच्या वडिलांसाठी करताना काय वाटलं. मीही गेलं वर्षभर त्यांनाच इथे आणून उभं करत होते, तेव्हा तो प्रश्न माझ्याकडे राहू दे.

खाली एक कुटुंब येऊन बसलं आहे, वर पाठवू का म्हणून दोनदा विचारणा झाली. साहेबांचा फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजतो आहे. ते पहिलं हेच विचारतील, तुला ही मापं कुणी सांगितली.

मी मोजली, असं सांगणार आहे.